खडी अशी सुटत नाही

ऑफिसात तिला सगळे खडीबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिला राग येत नाही, कारण नाव कमावलेलं आहे. सिनेमात कडा कोसळायचा असो, भिंत फुटायची असो, नाहीतर एखाद्या खलनायकाला विटांच्या ढिगाखाली गाडायचं असो, ते काम फिरून फिरून तिच्याच टेबलावर येतं. पाण्याची कामं करणारा एक आहे, त्याला पाणक्या म्हणतात. आगीची कामं करणारी एक आहे, तिला काय म्हणतात ते इथे न सांगितलेलंच बरं. दगड मात्र खडीबाईचे.

लोकांना वाटतं, संगणकात दगड काढले, वरून सोडून दिले, झालं. एवढं सोपं असतं तर खडीबाईला पगार देऊन कुणी ठेवलं नसतं. दगड आधी जन्माला घालावे लागतात. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चित्रं सरकतात, आणि प्रत्येक चित्रात एका न दिसणाऱ्या तोंडातून पाच-सहा नवे दगड बाहेर सोडायचे असतात. प्रत्येकाला स्वतःचा नंबर. चुकून दोघांना एकच नंबर दिला, तर संगणकाला ते दोन दगड एकच वाटतात आणि खाली ढिगात निवांत पडलेला दगड एकदम गायब होऊन वर तोंडाशी उगवतो. दोन दगड एकाच जागी एकमेकांत घुसलेले जन्माला आले, तर संगणक बिथरतो आणि दोघांनाही असं भिरकावतो की बघणाऱ्याने खाली वाकावं. शिवाय जन्मतानाच दगडाला वेग द्यावा लागतो, नाहीतर तो क्षणभर हवेत विचार करत थांबल्यासारखा दिसतो. आणि एवढं सांभाळूनही मधेच कुठेतरी हात घालून दुरुस्ती करता येत नाही. शंभरावं चित्र हवं असेल तर आधीची नव्व्याण्णव मोजून घ्यावीच लागतात. दहाव्या चित्रात चुकलं, तर पुन्हा पहिल्यापासून.

खडीबाईला हे सगळं झोपेतही येतं. तिला न येणारी गोष्ट वेगळीच निघाली, पण ती सांगायची तर आधी अप्पांची ओळख करून द्यायला हवी.

अप्पा म्हणजे तिचे वडील. एकतीस वर्षं त्यांनी डंपर चालवला. खाणीतून दगड क्रशरवर, म्हणजे दगड फोडायच्या यंत्रावर न्यायचा, तिथून हौद्यात, म्हणजे गाडीच्या मागच्या उघड्या पेटीत, खडी भरायची, रस्त्याचं किंवा इमारतीचं काम चालू असेल तिथे नेऊन ओतायची, आणि रिकामी गाडी घेऊन परत. क्रशरच्या आवाजाने कान अर्धे गेले होते, त्यामुळे अप्पा साधं बोलले तरी तीन घरं ऐकायची. माणूस तसा शांत, पण नाकावर माशी बसू न देणारा, निदान खडीच्या बाबतीत तरी. रस्त्याकडेला कुणी ढीग ओतलेला दिसला की चालता चालता थांबायचे. "घाईत ओतलाय. हौदा एकदम उचलला गाढवाने." टीव्हीवर एखाद्या सिनेमात ट्रक दिसला की आईने आधीच आवाज मोठा करून ठेवायचा, कारण पुढचे संवाद अप्पांचे असायचे. "खोटं आहे. गाडी भरलेली नाही. भरलेली गाडी वळणावर अशी वळेल काय?"

"ह्यांच्यासमोर मी डब्यात साखर ओतत नाही," आई म्हणायची. "त्या ढिगालाही नावं ठेवतील."

खडीबाई लहान असताना सुट्टीच्या दिवशी त्यांच्या शेजारी केबिनमध्ये बसून जायची. इतर पोरी मामाच्या घरी जायच्या, ही क्रशरवर. संध्याकाळी केसांतून पांढरी भुकटी निघायची आणि आईच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. पुढे ती संगणकावरचं हे काम शिकली, आणि पहिल्यांदा वीस-पंचवीस दगड एका उतारावरून घरंगळवले, तेव्हा ते दाखवायला ती दुसऱ्या कुणाकडे गेली नाही. अप्पांनी चष्मा लावला, पाहिलं आणि म्हणाले, "मोठा दगड ढिगाच्या मधे बसत नाही गं. तो गडगडत कडेला जातो. मधे बारीक राहतं." तिने जाऊन दुरुस्त केलं. पुढच्या वेळी दुसरी चूक, त्याच्या पुढच्या वेळी तिसरी. असं पाच-सात वर्षं चाललं. शिकवणाऱ्या संस्थेने तिला बटणं कुठली दाबायची ते शिकवलं. दगड अप्पांनी शिकवला. हे तिला तेव्हाही माहीत होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, एवढंच.

मग ती मोठी झाली. म्हणजे हुद्द्याने. हाताखाली सहा जण आले, खुर्चीला डोकं टेकायची गादी आली, आणि घरी दाखवणं हळूहळू बंद पडलं. भांडण वगैरे काही नाही. वेळ नसायचा. आपल्याला आता कुणाला विचारायची गरज राहिलेली नाही, असंही मनात कुठेतरी असणार.

त्या दिवशी अप्पांच्या गुडघ्याचा एक्स-रे काढायचा होता. सकाळी दहाला काढून झाला, रिपोर्ट दोन तासांनी मिळणार होता, आणि दवाखान्यापासून ऑफिस दोन गल्ल्या पलीकडे. तिने म्हटलं, चला, बसा माझ्याजवळ. दारावर पाहुण्यांचा बिल्ला मिळाला तो त्यांनी गळ्यात घातला आणि आरशासमोर थांबून सरळ केला. तिच्या टेबलामागे एक खुर्ची ओढून दिली. हात गुडघ्यांवर ठेवून ते शाळेत बसल्यासारखे बसले. चहा आला, तो बशीत न ओतता प्यायले.

नेमका त्याच दिवशी सिनेमाचा दिग्दर्शक आला. यायचा होता संध्याकाळी, टपकला अकराला. त्याच्यासोबत खडीबाईचा वरिष्ठ, ज्याला सगळे हेडमास्तर म्हणत. दोघे तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले, मागे हाताखालचे सहाही जण गोळा झाले. शॉट असा होता: कड्याच्या टोकावर डंपर उभा आहे, खालच्या अरुंद वाटेने नायकाची जीप येते आहे, आणि डंपर आपला सगळा माल त्या वाटेवर ओततो. खडीबाईने दीड महिना त्यावर घालवला होता. तिने तो लावला. हौदा वर गेला, तोंडातून दगड सुटले, धुरळा उडाला, वाट बंद झाली.

कुणी काही बोलायच्या आत मागून आवाज आला. "खडी अशी सुटत नाही."

अप्पांचा आवाज म्हणजे क्रशरवरचा आवाज. पलीकडच्या रांगेतल्या माणसांनीही माना वळवल्या. अप्पा उठून उभे राहिले होते आणि बोटाने पडदा दाखवत होते. "हौदा उचलल्या उचलल्या माल येत नाही. अडून बसतो. मग पायथा सुटतो आणि सगळं एकदम घसरतं. आणि ह्या दगडांच्या मागं कुणी नाही. दगड एकटा येत नाही, मागचा त्याला ढकलतो. हे नुसते हवेतून टपकतायत."

दिग्दर्शकाला गंमत वाटली असावी. तो म्हणाला, "काका, तुम्ही कोण?" त्यात टिंगल नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

इथे खडीबाईची बाजू घ्यावी असं फार वाटतं. दीड महिन्याचं काम, समोर दिग्दर्शक, मागे हाताखालची माणसं, कान तापलेले. पण बाजू घेता येत नाही, कारण ती जे बोलली ते घाईत तोंडातून निसटलेलं नव्हतं. तिने खुर्ची वळवली, अप्पांकडे पाहिलं आणि स्वच्छ शब्दांत म्हणाली, "अप्पा, तुम्हाला यातलं काही कळत नाही. मधे बोलू नका. बाहेर जाऊन बसा."

अप्पांचं बोट खाली आलं. त्यांनी दिग्दर्शकाकडे पाहून "चुकलं, साहेब," म्हटलं. मग खुर्चीची पाठ धरून दुखरा पाय आधी पुढे टाकला आणि त्या सगळ्यांच्या मधून वाट काढत बाहेर गेले. वाट देण्यासाठी लोकांना सरकावं लागलं, त्यामुळे ते बराच वेळ चालत होते असं तिला वाटलं.

शॉट पुन्हा एकदा बघून दिग्दर्शक म्हणाला, "कुठेतरी खेळण्यातलं वाटतंय. काय ते सांगता येत नाही मला, पण वाटतंय." आणि गेला.

बाराच्या पुढे ती बाहेर आली, तेव्हा अप्पा पाण्याच्या मशीनशेजारच्या बाकावर बसले होते. बिल्ला गळ्यातून काढून हातात धरला होता. म्हणाले, "चल, रिपोर्ट घ्यायचा राहील." गाडीत दोघेही गुडघ्याबद्दल बोलले.

दिग्दर्शकाला सांगता न आलेलं तिला त्याच दुपारी सांगता आलं असतं. ते तिला कुणीतरी आधीच सांगितलेलं होतं, मोठ्या आवाजात. पुढचे सहा दिवस तिने तेच केलं. दगड जन्माला घालण्याची जागा तिने तोंडाशी ठेवली होती ती उचलली आणि हौद्याच्या आत, पार मागे, केबिनच्या भिंतीला चिकटून नेऊन ठेवली, कॅमेऱ्याला दिसणारच नाही अशी. हौदा आधी खच्चून भरून घेतला, दगड एकमेकांत नीट बसू दिले. मग हौदा उचलला. माल अडून बसला. एक क्षण, दीड क्षण काहीच होईना. मग पायथा सुटला, आणि मागून सतत जन्माला येणारे दगड पुढच्यांना ढकलत राहिले. असं वाटलं की एवढ्याशा हौद्यात डोंगर मावला होता.

दिग्दर्शक खुर्चीतून उठून उभा राहिला. हेडमास्तरांनी, जे कुणाचं कौतुक करताना दाढ दुखल्यासारखा चेहरा करत, विचारलं, "हे सुचलं कुठून?"

"असंच," खडीबाई म्हणाली. "विचार करत होते."

तेव्हा तिला त्या उत्तरात फार काही वाटलं नाही.

सिनेमा चालला. त्याहून जास्त तो शॉट चालला. त्या धंद्यातल्या माणसांचं दर वर्षी एक संमेलन भरतं, तिथे तिला बोलायला बोलावलं. तीनशे माणसांचं सभागृह. आईअप्पांना तिसऱ्या रांगेत जागा. अप्पांनी ठेवणीतला शर्ट घातला होता, आणि ऐकू यावं म्हणून ते त्यातल्या त्यात चांगल्या कानाची बाजू पुढे करून बसले होते.

भाषण तिने आठवडाभर आधी लिहून काढलं होतं. पहिल्या कागदावरची दुसरी ओळ होती: माझे वडील डंपर चालवायचे. ती तिने खोडली. ती ठेवली असती तर पुढची ओळही ठेवावी लागली असती, आणि त्याच्या पुढचीही, थेट ऑफिसातल्या त्या बाकापर्यंत. म्हणून तिने दुसरी गोष्ट रचली. स्टेजवर उभं राहून ती म्हणाली की शॉट जमत नव्हता, म्हणून मी चार दिवस एका खाणीवर जाऊन उभी राहिले, गाड्या रिकाम्या होताना पाहिल्या, आणि चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की दगड एकटा येत नाही, मागचा त्याला ढकलतो. मागच्या मोठ्या पडद्यावर खाणीचा एक फोटो होता. तो कुठल्या देशातल्या खाणीचा होता हे तिलाही ठाऊक नव्हतं.

टाळ्या पडल्या. अप्पांनी वाजवल्या, आणि सगळ्यांच्या थांबल्यावरही त्यांच्या चालूच होत्या, कारण आवाज थांबलेला त्यांना उशिरा कळला. आईने पर्स मांडीवर घट्ट धरली होती. तिने टाळी वाजवली नाही.

परतताना गाडीत अप्पा म्हणाले, "छान बोललीस. मला सगळं ऐकू आलं." आई खिडकीबाहेर बघत होती. घरी पोहोचल्यावरही दोन दिवस ती लेकीशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता फक्त एवढं म्हणाली, "खाणीवर कधी गेली होतीस गं तू?" आणि उत्तराची वाट न बघता उठून गेली.

अप्पा मात्र रुसले नाहीत. रुसले असते तर बरं झालं असतं. रुसलेल्या माणसाला समजवायच्या शंभर तऱ्हा असतात. ते पूर्वीसारखेच होते, चहाला हाक मारायचे, पावसाळ्यात छत्री घेतलीस का विचारायचे, गुडघ्याचे व्यायाम चुकवायचे. फक्त दगडांबद्दल बोलायचे थांबले. टीव्हीवर ट्रक आला की आई सवयीने आवाज वाढवायची, आणि तो मोठा आवाज खोलीत उगाचच घुमत राहायचा. रस्त्यात ढीग दिसला तर अप्पा शेजारून निघून जायचे. एकदा तिनेच मुद्दाम थांबवलं. "अप्पा, हा ढीग बघा. कसा ओतलाय?" त्यांनी पाहिलं. "छान आहे की," म्हणाले आणि पुढे निघाले. तो ढीग कसला छान होता? अर्धा गटारात गेला होता.

"छान आहे" हे दोन शब्द तिला पुढच्या दोन वर्षांत पुन्हा पुन्हा ऐकायला मिळाले. ऑफिसात नवी पोरं तिच्या कामाकडे बघून डोळे विस्फारायची. पण घरीही तिने पुन्हा दाखवायला सुरुवात केली होती, आणि दाखवून झालं की ती अप्पांचं तोंड बघत बसायची. एखादी भुवई उंचावतेय का, ओठ हलतायत का. काही नाही. छान आहे.

एकदा धीर करून तिने विषय काढला. अप्पा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. "अप्पा, त्या दिवशी ऑफिसात मी तुम्हाला जे बोलले ना..."

"कुठल्या दिवशी?"

"एक्स-रे काढला त्या दिवशी."

"अगं ते होय," अप्पा हसले. "ते मी कधीच विसरलो. बरं, नळवाल्याला फोन केलास का? बाथरूमचा नळ परत टपकतोय."

तिने नळवाल्याला फोन केला. माफी मागायची तर समोरच्याने निदान आठवतंय असं म्हणायला हवं. त्यांनी तिला सोडून दिलं होतं, आणि ते सोडून देणंच तिला सोसत नव्हतं. तिला माफी नकोच होती. अप्पांनी एकदा, फक्त एकदा, पूर्वीच्या आवाजात म्हणावं की हे चुकलंय, एवढंच तिला हवं होतं. मग तिने कबूल केलं असतं, सगळं, खाण, फोटो, खोडलेली ओळ. पण त्याआधी त्यांनी तिला चूक दाखवायला हवी होती, कारण चूक दाखवायचा हक्क तिनेच त्यांच्याकडून काढून घेतला होता, आणि तो परत घ्या असं तोंडाने म्हणता येत नाही.

म्हणून तिने ती युक्ती काढली. चाळिशीला आलेल्या बाईने करावी अशी ती नव्हती.

तिने मुद्दाम एक वाईट शॉट तयार केला. तोच डंपर, रिकामं मैदान, हौदा भरून खडी. पहिली चूक: दगड जन्माला घालायची जागा परत तोंडाशी आणली, म्हणजे मागे काहीच नाही, दगड हवेतून टपकणार. दुसरी: सगळे दगड एका मापाचे, दुकानातून मोजून आणल्यासारखे. तिसरी: काही दगडांना तिने एकच नंबर दिला, त्यामुळे ढिगातला एखादा दगड नाहीसा होऊन वर तोंडाशी परत उगवत होता. हाताखालच्या कुणी असलं काम आणलं असतं, तर तिने त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. हे ती स्वतः बनवत होती, आणि गंमत म्हणजे चुका नीट दिसाव्यात म्हणून फार काळजीपूर्वक बनवत होती.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि अप्पांना हाक मारली. ते आले, चष्मा लावला, चांगला कान नेहमीच्या सवयीने पुढे केला, जरी त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं.

तिने लावलं. हौदा वर गेला, तोंडातून सारखे दगड टपटप पडायला लागले, ढीग झाला. ढिगातला एक दगड गेला आणि वर उगवला. परत एक गेला. अप्पा बघत होते. तिने पुन्हा लावलं. अप्पांचा उजवा हात गुडघ्यावरून उठला. बोट पुढे आलं, पडद्याच्या दिशेने, अगदी हौद्याच्या तोंडाकडे. बोट तसंच वर गेलं, त्यांनी चष्मा नाकावर सारखा केला आणि हात परत गुडघ्यावर ठेवला.

"छान आहे," ते म्हणाले.

"नीट बघा ना अप्पा. काही चुकलंय का?"

"नाही गं. छान आहे. नवीन सिनेमा का?"

"हो," ती म्हणाली.

"मोठा आहे?"

"हो."

"मग काळजी घे. जागरणं नको करत जाऊस." खुर्चीची पाठ धरून ते उठले, आणि पाय ओढत स्वयंपाकघरात गेले. तिथे आई भांडी पुसत होती.

खडीबाई लॅपटॉप बंद करून आपल्या खोलीत जायला निघाली. स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलेलं होतं. अप्पांना वाटलं की ते हळू बोलतायत. अप्पांचं हळू बोलणं म्हणजे दारापलीकडे उभ्या असलेल्या माणसाला स्पष्ट ऐकू येईल असं.

"तिचं काहीतरी बिनसलंय," ते आईला सांगत होते. "फार वाईट झालंय गं काम. दगड मागून ढकलतच नाहीत, परत हवेतून पडतायत. सगळे एका मापाचे. क्रशरच्या जाळीतून चाळलेले असले तरी इतके सारखे येत नाहीत. आणि दगड ढिगातून नाहीसे होतायत, परत वर येतायत. हे तर मी कधी पाहिलं नव्हतं."

तिन्ही चुका. एकही सुटली नाही. ती दाराशी लॅपटॉप छातीशी धरून उभी राहिली, आणि इतक्या दिवसांनी तिला आत जाऊन सगळं सांगावंसं वाटलं.

"आणि माल उतरला तरी गाडी तशीच दबलेली राहते," अप्पा म्हणाले. "हौदा रिकामा झाला की चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे मोकळे होतात, गाडी मागून वीतभर वर येते. हिची गाडी वर येतच नाही. त्या मोठ्या सिनेमातसुद्धा आली नव्हती."

ही चूक तिने मुद्दाम केलेली नव्हती. ही तिला माहीतच नव्हती. तीनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या त्या शॉटमध्ये ती होती, आणि तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवणाऱ्या माणसाला तेव्हाही दिसत होती.

"मग सांगा ना तिला," आई म्हणाली. "मला काय सांगताय?"

"नको."

"अहो, ती विचारत होती मघाशी. मी ऐकलं."

भांड्यांचा आवाज थांबला. "एकदा सांगितलं होतं मी," अप्पा म्हणाले. "साहेब समोर होता तिचा, हाताखालची माणसं होती. त्या सगळ्यांत पोरीची मान खाली गेली माझ्यामुळे. इतक्या वर्षांची मेहनत तिची, आणि मी उठून तोंड उघडलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. आता परत नको. तू पण बोलू नकोस तिला काही. तिला कळलं तर उगाच मनाला लावून घेईल."

भांडं पुसल्याचा आवाज परत सुरू झाला. खडीबाई दाराशी तशीच उभी होती. दार ढकलायला एक हात मोकळा हवा होता, आणि तिने दोन्ही हातांनी लॅपटॉप धरला होता.